शाळेच्या दप्तराची राखण : माहितीच्या सुरक्षिततेचे लेखी धोरण

सातारा येथील सरकारी शाळेच्या प्रवेशपुस्तकात ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी एका मुलाचे नाव दाखल झाले. नोंदीचा क्रमांक १९१४ आणि मुलाचे नाव भिवा. हाच मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला माहीत झाला. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते, आणि २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. ज्या कोणी ती ओळ लिहिली, त्याला ती कोणाची ओळ आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने ती इतर मुलांच्या ओळींप्रमाणेच लिहिली, आणि त्याच्यामागून आलेल्यांनी ते पुस्तक सांभाळून ठेवले.

शालेय दप्तराचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. आज पटावर असलेल्या तीस मुलांपैकी कोणाच्या ओळीची गरज किती वर्षांनी लागेल, हे शिक्षकाला सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक ओळ सारख्याच काळजीने लिहावी व राखावी लागते. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे शोधले जातात. अशा वेळी आजोबांच्या शाळेतील एक ओळ नातवाच्या शिक्षणाचे दार उघडू शकते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागदांबरोबर गावोगावच्या शाळांची जुनी प्रवेशपुस्तकेही उघडावी लागली.

दप्तराची राखण म्हणजे तीन गोष्टी होत. पहिली, नोंद नाहीशी होऊ नये व वेळेवर मिळावी. दुसरी, तिच्यात कोणी फेरफार करू नये. तिसरी, ज्याचा तिच्याशी संबंध नाही त्याच्या हाती ती पडू नये. जुन्या मुख्याध्यापकांनी हे तिन्ही हेतू एका लोखंडी कपाटाने आणि एका किल्लीने साधले होते. आज मात्र कपाट आहे, किल्लीही आहे, आणि कपाटातील मजकूर कपाटाबाहेर फिरतो आहे.

दप्तर बदलले, जबाबदारी तीच

'सरल' प्रणाली २०१५ मध्ये सुरू झाल्यापासून मुलांची माहिती संगणकावर भरण्याचे काम शाळेकडे आले. 'यू-डायस प्लस'मध्ये आता प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होते. त्याशिवाय आधार क्रमांक, कायम शिक्षण क्रमांक, 'अपार' क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी बँक खाते, पालकाचा मोबाईल क्रमांक, जात, उत्पन्न, दिव्यांगत्वाचा प्रकार व आरोग्यतपासणीचे निष्कर्ष, अशी किती तरी माहिती शाळेत गोळा होते. गावातील दुसऱ्या कोणत्याही जागी एका मुलाविषयी इतकी माहिती एकत्र सापडावयाची नाही.

ही सारी माहिती द्विशिक्षकी शाळेत बहुधा एका मोबाईलमध्ये असते. तो मोबाईल शिक्षकाचा स्वतःचा असतो. घरी गेल्यावर तोच त्याची मुले खेळावयास घेतात, आणि दुरुस्तीसाठी तोच तालुक्याच्या दुकानात ठेवला जातो. शाळेचे कपाट कोणी असे दुकानात ठेवून येणार नाही. मोबाईल हेही एक कपाटच आहे, ही जाणीव मात्र अजून पुरती रुजलेली नाही.

माहिती कोठून निसटते

माहितीची चोरी म्हटले की दूरदेशी बसलेला कोणी तरी कुशल चोर डोळ्यांपुढे येतो. असे चोर आहेतही. अमेरिका व कॅनडा येथील हजारो शाळा वापरीत असलेल्या 'पॉवरस्कूल' या प्रणालीत डिसेंबर २०२४ मध्ये चोरलेल्या परवलीच्या शब्दाच्या (पासवर्डच्या) साहाय्याने शिरकाव झाला आणि लक्षावधी विद्यार्थ्यांची व शिक्षकांची माहिती गेली. माहिती नष्ट व्हावी म्हणून कंपनीने खंडणी दिली, तरी पुढे २०२५ मध्ये काही शाळा-मंडळांकडे पुन्हा खंडणीची मागणी झाली. या प्रकरणी गुन्हा कबूल करणारा आरोपी अवघ्या एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता. भारतातही 'दीक्षा' या शासकीय शिक्षण-ॲपशी संबंधित एक साठा असुरक्षित राहिल्याचे वृत्त जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे व मोबाईल क्रमांक होते. हरवलेली वस्तू परत मिळू शकते. पसरलेली माहिती परत येत नाही, आणि पैसे मोजूनही येत नाही, हा या घटनांचा धडा होय.

परंतु खेड्यातील शाळेत माहिती निसटते ती बहुतेक वेळा चोरीने नव्हे, तर सवयीने. सायंकाळी सहा वाजता व्हॉट्सॲप गटावर निरोप येतो : 'शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्यांची यादी आधार व खाते क्रमांकासह तातडीने पाठवावी.' शिक्षक बसथांब्यावर उभा असतो. सकाळी काढलेले रजिस्टरच्या पानाचे छायाचित्र तो गटावर टाकून मोकळा होतो. गटात शंभर-सव्वाशे माणसे असतात. त्यांतील काही बदलून गेलेली, काही सेवानिवृत्त झालेली, तर काहींचे क्रमांक आता दुसऱ्याच कोणाकडे असतात. यादी मागितली होती आठ मुलांची. पानावर मात्र वीस मुलांची नावे, आयांची नावे, जाती, जन्मतारखा आणि शेऱ्याच्या रकान्यातील मजकूरही असतो.

आता पुढचा प्रसंग कल्पावा. आठ दिवसांनी एका आईला फोन येतो. बोलणारा अदबीने बोलतो. तो मुलीचे नाव, इयत्ता, शाळेचे नाव आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक बरोबर सांगतो, आणि म्हणतो, 'ताई, मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे. मोबाईलवर एक आकडा येईल, तेवढा सांगा.' त्या माउलीने अनोळखी माणसावर विश्वास ठेवलेला नसतो, तिने विश्वास ठेवलेला असतो शाळेवर. कारण एवढी माहिती शाळेवाचून दुसऱ्या कोणाला असणार? खात्यातील मजुरीची रक्कम जाते, आणि तिच्या मनातून जाते ती शाळा.

निसटण्याच्या इतर वाटाही अशाच साध्या आहेत. माहिती भरण्यासाठी ई-सेवा केंद्रात नेलेल्या फायली तेथील संगणकातच राहतात. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत टेबलावर सुटते. परवलीचा शब्द कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवलेला असतो. मुख्याध्यापकाची बदली होते, पण शाळेच्या खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक जुनाच राहतो, आणि नव्याला प्रत्येक वेळी जुन्याकडे ओटीपी मागावा लागतो. जुन्या याद्या रद्दीत जातात आणि बाजारच्या दिवशी त्यांत भेळ बांधून मिळते. फलकावर लाभार्थ्यांची यादी लागते आणि तिच्यात जातीचा रकाना तसाच असतो. मग मधल्या सुटीत मुले एकमेकांच्या जाती वाचतात. या शेवटच्या गोष्टीत पैसा जात नाही, पण एका मुलाचा वर्गातील निःसंकोच वावर जातो, आणि तो परत आणण्यास शिक्षकाला वर्षही पुरत नाही.

माहिती नाहीशी होण्याचा धोकाही विसरता कामा नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील अनेक शाळांत पाणी शिरले. ज्या ठिकाणी दप्तर खालच्या फळीवर असते आणि दुसरी प्रत नसते, तेथे एका रात्रीत दोन पिढ्यांची नोंद चिखलात जाऊ शकते.

कायदा काय सांगतो

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. आधारविषयक निकालात २६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की, शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, मुलांच्या आधार-नोंदणीस पालकांची संमती हवी, आणि आधार नाही एवढ्यावरून मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. 'अपार' क्रमांकासाठीही पालकांचे संमतिपत्र घ्यावयाचे असते. संमतीचा कागद वाचून व समजावून घेतलेला असावा. कोऱ्या कागदावरील अंगठा ही संमती नव्हे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधनांसाठी नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे, आणि बालकाची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती हा सर्वसाधारण नियम आहे. शासनाने लाभ देण्याकरिता माहिती वापरण्यास स्वतंत्र तरतूद आहे. तथापि त्यामुळे ती जपण्याचे बंधन सुटत नाही. सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, यावरून कायद्याने या गोष्टीस किती वजन दिले आहे ते कळते.

काही माहिती याहूनही नाजूक असते. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास २०१२ चा पॉक्सो कायदा मनाई करतो, आणि त्या ओळखीत मुलाच्या शाळेचे नावही येते. एचआयव्हीविषयक २०१७ चा कायदा रुग्णाची स्थिती गुप्त राखण्यास सांगतो. मात्र गुप्तता म्हणजे गुन्हा दडवणे नव्हे. पॉक्सोखालील गुन्ह्याची खबर पोलिसांना देणे बंधनकारकच आहे. खबर द्यावयाची ती योग्य ठिकाणी, चर्चा करावयाची नाही ती कोठेच.

तसेच सुरक्षिततेच्या नावाखाली मुलाची अडवणूक होता कामा नये. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलास दाखला तात्काळ द्यावयाचा असतो. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर निघालेल्या मुलाची माहिती पुढच्या शाळेपर्यंत पोचलीच पाहिजे. कुलूप बाहेरच्यासाठी असते, ज्याचे दप्तर आहे त्याच्यासाठी नव्हे.

लेखी धोरण कशासाठी

धोरण हा शब्द मोठा वाटतो. शाळेपुरता त्याचा अर्थ एवढाच की, कोणती माहिती शाळेत असेल, ती कोण पाहील, कोठे राहील, कोणाला कशी दिली जाईल, केव्हा नष्ट होईल आणि काही चुकल्यास काय करावयाचे, हे आधीच ठरवून एका पानावर लिहून ठेवणे.

हे तोंडी ठरवून का चालत नाही? कारण शिक्षकाची बदली होते आणि तोंडी ठरलेले त्याच्याबरोबर जाते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. घाईची मागणी बहुधा वरून येते. अशा वेळी एकटा शिक्षक 'नाही' म्हणू शकत नाही, आणि म्हटले तर ते उद्धटपणाचे ठरते. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून स्वीकारलेला कागद हाती असेल, तर तोच शिक्षक नम्रपणे लिहू शकतो : 'शाळेच्या धोरणानुसार यादी गटावर न टाकता कार्यालयाच्या ई-मेलवर पाठवीत आहे.' काम अडत नाही, मान राखला जातो, आणि मुलेही सुरक्षित राहतात. धोरण हे शिक्षकाला जाच नसून आधार आहे, तो असा. गटावर याद्या मागविणाऱ्या कार्यालयांनीही आपली रीत बदलावयास हवी. वरिष्ठांनीच उघड्यावर माहिती मागितली, तर खालच्या कपाटाच्या कुलपाला अर्थ उरत नाही.

धोरण करण्यापूर्वी एका दुपारी शाळेतील सर्व शिक्षकांनी बसून एक तक्ता करावा. त्यात चार रकाने असावेत : कोणती माहिती, कशासाठी, कोठे ठेवली आहे, कोणाच्या हाती आहे. तक्ता भरू लागताच दोन गोष्टी ध्यानात येतील. काही माहिती विनाकारण गोळा होत आहे, आणि काही माहितीच्या प्रती चार-चार ठिकाणी पडून आहेत. जी माहिती शाळेने घेतलीच नाही, ती शाळेतून निसटू शकत नाही. म्हणून अनावश्यक माहिती न घेणे ही सुरक्षिततेची पहिली पायरी होय.

नमुना धोरण

द्विशिक्षकी शाळेस पुरेल असा नमुना पुढे दिला आहे. शाळेच्या परिस्थितीप्रमाणे त्यात फरक करावा.

(१) जबाबदारी. शाळेच्या माहितीची जबाबदारी मुख्याध्यापकाची राहील. त्यांच्या गैरहजेरीत काम पाहणाऱ्या शिक्षकाचे नाव लिहून ठेवावे.

(२) जनरल रजिस्टर. ते कायमचे जपावयाचे असून कुलूपबंद कपाटात वरच्या फळीवर राहील. नाव, जात व जन्मतारीख यांत सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशावाचून बदल होणार नाही. बदल केल्यास आदेशाचा क्रमांक व दिनांक तेथेच नोंदवावा. खाडाखोड करू नये.

(३) दुसरी प्रत. रजिस्टरची पाने स्कॅन करून त्यांची प्रत परवलीच्या शब्दाने बंद केलेल्या साधनात, शाळेच्या इमारतीबाहेर, केंद्रप्रमुखांना माहीत असलेल्या ठिकाणी ठेवावी. वर्षातून एकदा ती उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

(४) परवलीचा शब्द. प्रत्येक प्रणालीचा शब्द वेगळा असावा. शाळेचे नाव, यू-डायस क्रमांक किंवा मोबाईल क्रमांक यांचा तो नसावा. तो भिंतीवर लिहू नये व ओटीपी कोणासही सांगू नये.

(५) बदली व कार्यभार. कार्यभार देताना किल्ल्यांबरोबर प्रणालींची खातीही सोपवावी. त्याच दिवशी मोबाईल क्रमांक व परवलीचे शब्द बदलावेत, आणि जाणाऱ्या शिक्षकाने आपल्या मोबाईलमधील मुलांच्या याद्या व छायाचित्रे काढून टाकल्याचे कार्यभार-यादीत लिहावे.

(६) माहिती पाठविणे. मुलांचे आधार, खाते, जात, आरोग्य यांविषयीची माहिती कोणत्याही गटावर टाकली जाणार नाही. ती मागणाऱ्या कार्यालयाच्या अधिकृत ई-मेलवर, मागितली तेवढीच, बंद फाइलमध्ये जाईल. फाइलचा परवलीचा शब्द वेगळा, फोनवरून सांगावा. आधारची प्रत देणे भागच असेल आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी.

(७) बाहेरच्यांची मागणी. संस्था, दुकानदार, वर्गचालक किंवा कोणी ओळखीचा यांस मुलांची यादी दिली जाणार नाही. माहिती अधिकाराखालील अर्ज आल्यास तो जनमाहिती अधिकाऱ्यांकडे जाईल.

(८) फलक व छायाचित्रे. फलकावर जात, खाते किंवा आधार क्रमांक लावले जाणार नाहीत. छायाचित्रे पालकांच्या संमतीने काढावीत, आणि प्रसिद्ध करताना मुलाचे पूर्ण नाव व पत्ता त्यांखाली देऊ नये.

(९) नाजूक कागद. आजार, अत्याचार, कौटुंबिक वाद यांविषयीचे कागद मोहोरबंद पाकिटात, इतर दप्तरापासून वेगळे राहतील.

(१०) नष्ट करणे. मुदत संपलेले कागद विहित मंजुरीने, फाडून किंवा जाळून नष्ट करावेत, रद्दीत देऊ नयेत. जुना मोबाईल वा संगणक देऊन टाकण्यापूर्वी तो पूर्ण पुसावा.

(११) चूक झाल्यास. माहिती निसटल्याचे कळताच त्याच दिवशी परवलीचे शब्द बदलावेत, गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, आणि संबंधित पालकांना घरी जाऊन साध्या शब्दांत सांगावे. पैसे गेले असल्यास बँकेस व १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळविण्यास पालकांना साहाय्य करावे. चूक स्वतःहून सांगणाऱ्यास अपमानित करू नये.

शेवटच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावे. जेथे चूक सांगण्याची भीती असते तेथे चूक झाकली जाते, आणि झाकलेल्या प्रत्येक तासात नुकसान वाढते. मोबाईल हरवल्याचे त्याच रात्री सांगणारा शिक्षक मुलांचे रक्षण करतो. पंधरा दिवस गप्प बसणारा शिक्षक इतर सर्व नियम पाळूनही ते करू शकत नाही.

अंमल

हा कागद शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचून दाखवावा, त्यावर ठराव घ्यावा आणि पालकसभेत त्याचा आशय बोलीभाषेत सांगावा. पालकांना एक वाक्य पाठ करून द्यावे : 'शाळा फोनवर कधीही ओटीपी मागत नाही.' दरवर्षी जूनमध्ये, पट नव्याने लिहिताना, धोरण पुन्हा वाचावे व काय पाळले गेले नाही ते प्रामाणिकपणे नोंदवावे.

मुलांनाही यातील भाग द्यावा. चौथीच्या मुलीला स्वतःचे नाव कोणाला सांगावे, घरचा क्रमांक कोणाला सांगू नये आणि दुसऱ्याची वही न विचारता का उघडू नये, हे कळते. शिक्षक मुलाचे गुणपत्रक सर्वांसमोर न वाचता त्याच्या हाती देतो, तेव्हा न बोलता तोच पाठ शिकविला जातो.

आई मुलाला शाळेत घालते तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या शिक्षकाला ती त्याची जन्मतारीख सांगते, जात सांगते, कधी घरातील दुखणेही सांगते. ती हे कोणत्याही प्रणालीला सांगत नाही, गुरुजींना किंवा बाईंना सांगते. पुढे ती माहिती कागदावर जावो की संगणकात, तिच्या दृष्टीने ती त्यांच्याकडेच ठेवलेली असते. ती तशीच त्यांच्याकडे राहील एवढी व्यवस्था करणे, हेच या एका पानाचे काम आहे.